गाण्यातील बाई आणि बाजाराचा हिशेब

महाविद्यालयाचे वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आले की सांस्कृतिक समितीवर अर्थशास्त्राचा एक प्राध्यापक घ्यावयाचा, असा आमच्याकडे रिवाज आहे. यामागे अर्थशास्त्रज्ञांच्या रसिकतेविषयी कोणाचा गैरसमज आहे असे नव्हे. मंडपवाल्याची आणि ध्वनिक्षेपकवाल्याची बिले तपासण्यास कोणीतरी हवा असतो, इतकेच. गेल्या हिवाळ्यात मात्र बिलांच्या आधी प्रस्तुत लेखकापुढे नृत्यगीतांची यादी आली. यादीतील निम्म्याहून अधिक गाणी अशी होती की, ज्यांत गाणारी स्त्री स्वतःला कधी खाद्यपदार्थ म्हणवून घेते, कधी मद्य, तर कधी बाजारात मांडलेली जिन्नस. समितीत तत्काळ दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, सारी चित्रपटगीते बंद करावीत आणि देशभक्तिपर गीतांवर कार्यक्रम आटोपावा. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, मुलांचे वयच ते आहे. आपण त्या वयात काय अभंग ऐकत होतो? दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, आणि ज्या मुलींना त्या गाण्यांवर नाचावयाचे होते त्यांना विचारावे, हे दोन्ही बाजूंपैकी कोणालाही सुचले नाही.

ते काम अखेर एका मुलीनेच केले. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली आणि राळेगावकडून रोज एस.टी.ने येणारी ही विद्यार्थिनी. ती म्हणाली, "सर, गाणं बंद करा असं माझं म्हणणं नाही. मीही नाचते त्याच्यावर. पण बस स्टँडवर पोरं तेच गाणं माझं नाव घालून म्हणतात. गाण्यातल्या बाईला ते चालते, मला नाही चालत. तिच्या जागी मी कशी काय आली?"

या प्रश्नाला समितीपाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेखकापाशीही नव्हते. परंतु प्रश्न मोठा नेमका होता. गाणे अश्लील आहे की नाही, हा वाद आपण गेली कैक वर्षे घालीत आहोत आणि त्यातून आजवर काही निष्पन्न झालेले नाही. गाण्यातील बाई गाण्यातून उतरून बस स्थानकावर कशी येते, तिला तेथे कोण आणून सोडतो आणि त्यात कोणाचा नफा होतो, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. शृंगार हा मराठी गाण्याला बाहेरून जडलेला रोग नव्हे. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ यांच्या लावण्यांतील शृंगार आजच्या पुष्कळ गाण्यांपेक्षा अधिक धीट आहे, आणि तरी मराठी कवितेच्या इतिहासातून तो वगळण्याचे धाडस कोणा पंडिताला झालेले नाही. लावणी बव्हंशी पुरुषांनी लिहिली आणि ती स्त्रीच्या तोंडी घातली, हे मात्र विसरता कामा नये. विरहिणी बोलते, रुसते, बोलावते. पण तिने काय बोलावे हे शाहीर ठरवितो, आणि शाहिराने काय लिहावे हे त्याला बिदागी देणारा ठरवितो. आजच्या गाण्याचा सांगाडा त्याहून निराळा नाही. गीतकार पुरुष, निर्माता पुरुष, पाहणारा पुरुष. आणि त्या तिघांच्या मधोमध एक स्त्री उभी, जी म्हणते की हे सारे मलाच हवे आहे.

तथापि जुन्या लावणीत आणि या गाण्यात एक फरक आहे, आणि तो बारीक नाही. फडावरची बाई प्रेक्षकाला उत्तर देऊ शकत असे. गौळणीत ती पेंद्याची फजिती करी, बतावणीत सोंगाड्याला निरुत्तर करी, आणि बैठकीच्या लावणीत एकाच ओळीच्या अदाकारीने समोरच्या शेठजीला हसवी किंवा लाजवीही. तेथे पाहणारा पुरुषही पाहिला जात होता. यमुनाबाई वाईकर यांना १९७५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री मिळाली, ती या अदाकारीसाठी. सुलोचना चव्हाण यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. डोक्यावरून पदर घेऊन त्या रंगमंचावर उभ्या राहत आणि नुसत्या आवाजावर सारे सभागृह ताब्यात घेत. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या गेल्या. त्यांच्या गाण्यात शृंगार कमी होता असे कोणी म्हणणार नाही. पण तो गाणाऱ्या बाईच्या स्वाधीन होता.

हे लिहिताना जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मोह आवरावयास हवा, कारण त्या काळाचा हिशेब मांडला तर तो फारसा गोड निघत नाही. पठ्ठे बापूराव यांच्या कवनांना ज्या पवळाबाईने रूप दिले, तिचे नाव आज किती जणांना आठवते? विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपती पदक मिळाले. त्यांच्या नावाने राज्य शासन आज जीवनगौरव पुरस्कार देते. परंतु २००२ साली त्या निवर्तल्या तेव्हा त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले होते. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचे पोर' १९९४ साली आले आणि घुंगरांमागचे अर्थकारण मराठी वाचकाला प्रथमच इतक्या उघडेपणाने दिसले. मुलगी शिकू पाहते, तिला शाळेतून काढून नाचावयास लावले जाते, आणि तिच्या कमाईवर घरातील पुरुष बसून खातात. लेखकाने स्वतःच्या नावात वडिलांऐवजी आईचे नाव लावले, तोही या हिशेबाचाच एक भाग होय.

फडाचे अर्थशास्त्र सांगावयाचे तर थोडक्यात असे. हंगामापूर्वी कलावंताने उचल घ्यावयाची, हंगामभर ती फेडावयाची, आणि पुढल्या वर्षी पुन्हा घ्यावयाची. संगीतबारीत दौलतजादा होते. नोट बाईच्या दिशेने येते आणि तिच्या हातात पडण्यापूर्वी वा पडल्यानंतर तिचे वाटे होतात. आपल्या भागात सालदार आणि मालक यांच्यातील व्यवहार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

आमच्या विदर्भात हा प्रकार पुष्कळ उशिरा आला. येथली खडी गंमत, येथली दंडार यांत लुगडे नेसून नाचणारा पुरुषच असे. स्त्रीचे गाणे घरात आणि अंगणात होते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणत. त्यांत सासर, सासू, नणंद, माहेरची वाट, नवऱ्याची थट्टा सारे काही असे. जात्यावरच्या ओव्या साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये एकत्र केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या ओव्यांतील बाई शृंगारापासून दूर पळत नाही. नवऱ्याविषयी, त्याच्या रागलोभाविषयी, क्वचित आपल्या रूपाविषयीही ती बोलते. पण ती कोणासाठी तरी स्वतःला मांडून ठेवीत नाही. ती बोलते तेव्हा जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेली बाई ऐकत असते. पिठाची गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले, हे फार चांगले झाले. त्या जागी स्त्रीने स्त्रीसाठी म्हणावयाचे दुसरे गाणे मात्र आले नाही. जे आले ते पुरुषाने पुरुषासाठी रचलेले, आणि स्त्रीच्या तोंडचे.

आता बाजाराकडे वळू. ग्रामोफोनची तबकडी महाग होती आणि ती काढणारी कंपनी जवळजवळ मक्तेदार होती. आकाशवाणीवर केंद्राची पसंती चाले. १९५२ च्या सुमारास बाळकृष्ण केसकर यांनी तर चित्रपटगीतांना आकाशवाणीची दारेच बंद केली, आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. म्हणजे तेव्हा गाणे कोणत्या तरी चाळणीतून येत असे. ती चाळणी शहाणी होती असे मात्र नव्हे. १९८० च्या दशकात कॅसेट आली आणि चाळणीला मोठे भोक पडले. थोडक्या भांडवलात कोणीही गाणे काढू लागला. यात चांगलेही पुष्कळ घडले. भीमगीते, वऱ्हाडी विनोद, बंजारा समाजाची लेंगी गीते ही ज्यांना मोठ्या कंपन्यांनी कधी दारात उभे केले नसते, ती घरोघर पोहोचली. त्याच दारातून द्व्यर्थी गाणीही आली. १९९३ साली 'खलनायक'मधील त्या प्रसिद्ध गाण्यावरून केवढा गहजब झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि अखेर गाणे राहिले ते राहिलेच. विरोध हीच सर्वांत स्वस्त जाहिरात असते, हे निर्मात्यांनी त्या वेळी पुरते ओळखले. २०१० नंतर तर चित्रपटाच्या कथेशी काडीचाही संबंध नसलेले एक गाणे आधी बाहेर काढावयाचे आणि त्याच्या बळावर चित्रपट खपवावयाचा, ही रीतच पडून गेली.

मोबाइलने त्यावर कळस चढविला. आज गाणे ऐकणारा गाण्याचे पैसे देत नाही. मग पैसे कोण देतो? जाहिरातदार देतो, आणि तो गाण्याचे देत नाही, पाहणाऱ्याच्या नजरेचे देतो. म्हणजे विक्रीला ठेवलेली वस्तू गाणे नव्हे, आपले लक्ष होय. एकदा बनविलेले गाणे आणखी एका माणसापर्यंत पोहोचविण्याचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य असतो. साहजिकच सारी स्पर्धा पहिल्या काही क्षणांत नजर पकडण्याची होते. या स्पर्धेत चाल, शब्द, आवाज यांना वेळ लागतो. स्त्रीच्या देहाला लागत नाही. निर्मात्याला स्त्रियांविषयी द्वेष असण्याचे कारणच नाही; तो केवळ सर्वांत स्वस्त कच्चा माल वापरतो.

अर्थशास्त्रात बाह्य परिणाम नावाची एक संकल्पना आहे. कारखाना आपले दूषित पाणी नदीत सोडतो. माल विकणारा आणि विकत घेणारा दोघेही खूश असतात, आणि किंमत मोजतो तो खालच्या अंगाच्या गावातील, त्या व्यवहारात कोठेही नसलेला माणूस. गाण्याचेही असेच आहे. बनविणाऱ्याला पैसा मिळाला, पाहणाऱ्याला करमणूक मिळाली, नाचणारीला तिची मजुरी मिळाली. बस स्थानकावर उभ्या असलेल्या आमच्या विद्यार्थिनीने त्या व्यवहारावर सही केली नव्हती. किंमत मात्र ती मोजते. गाणे पाहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मनात वाईट असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण बाई 'नाही' म्हणते तेव्हाही तिला 'होय' म्हणावयाचे असते, हा धडा हजार वेळा कानावर पडला की कोठेतरी रुजतोच. मुलगी काय बोलली हे ऐकावयाची मग गरजच उरत नाही. ती काय बोलणार हे गाण्याने आधीच सांगून ठेवलेले असते.

यावर आपल्या समाजाला आणि शासनाला नेहमी एकच उपाय सुचतो, तो म्हणजे बंदी. आणि बंदी नेहमी एकाच ठिकाणी पडते. स्वातंत्र्य मिळता मिळता मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली; पुढे तमाशा सुधारणेसाठी समिती नेमून, वगांच्या संहिता तपासून तो पुन्हा सुरू करण्यात आला. समितीपुढे शब्द आले. उचल, सावकारी, कलावंतिणींच्या मुलांचे शिक्षण हे विषय दूरच राहिले. २००५ साली डान्सबारवर बंदी आली. त्या कायद्याने तीन व अधिक तारांकित हॉटेलांना सूट दिली होती. म्हणजे तेच नृत्य श्रीमंतासमोर झाले तर संस्कृती, आणि गरिबासमोर झाले तर अनीती. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी टिकू दिली नाही, याचे एक कारण हा भेदभावच होते. २०१४ व २०१६ साली शासनाने नवे कायदे केले; २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यांतीलही अनेक अटी काढून टाकल्या. या चौदा वर्षांत हजारो स्त्रियांची उपजीविका गेली. त्यांच्यावर नोटा उधळणाऱ्यांचे काय गेले, याची नोंद प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

अलीकडचे प्रकरण वाचकांच्या स्मरणात असेलच. २०२२ साली गौतमी पाटील यांच्या नृत्यावरून वाद उठला. लावणीच्या नावावर हे काय चालले आहे, असा आक्षेप जुन्या कलावंतांनी घेतला, आणि त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. ढोलकी, बारी आणि अदाकारी यांना ज्यांनी आयुष्य वाहिले, त्यांना लावणी या शब्दाविषयी बोलण्याचा अधिकार आहे. गौतमी पाटील यांनी जाहीर माफी मागितली. परंतु त्यांचे कार्यक्रम ठेवीत कोण होते? वाढदिवस, जत्रा, दहीहंडी, आणि फलकावर हात जोडून उभे असलेले स्थानिक पुढारी. त्यांपैकी कोणी माफी मागितल्याचे ऐकिवात नाही. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत कपडे बदलत असताना चोरून केलेले त्यांचे चित्रण पसरविण्यात आले आणि पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागला. जी स्त्री रंगमंचावर नाचते तिला रंगमंचामागेही खासगीपणाचा हक्क नाही, असे मानणारा माणूस आणि बस स्थानकावर नाव घालून गाणे म्हणणारा मुलगा यांच्यात फरक अंतराचा आहे, जातीचा नाही.

त्याआधी, २०२२ च्या जानेवारीत, आमच्यापासून फार दूर नसलेल्या उमरेड तालुक्यात शंकरपटाच्या निमित्ताने 'डान्स हंगामा' झाला. तेथे मुलींना विवस्त्र नाचविण्यात आले. चित्रफिती फिरू लागल्या तेव्हा पोलीस जागे झाले आणि आयोजकांना अटक झाली. या प्रकरणात निदान आयोजकावर हात पडला, ही गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. मात्र त्या मंडपात बसलेल्या शेकडो माणसांनी तिकीट काढले होते. त्यांत आपल्यासारखेच लोक असणार: नोकरदार, दुकानदार, दोन एकरांचे धनी, आणि दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेत सोडणारे बापही.

कायदा या सर्वांत कोठे आहे? स्त्रियांचे असभ्य चित्रण रोखणारा कायदा १९८६ चा. त्याचा रोख जाहिराती, छापील मजकूर आणि चित्रे यांवर. नव्या माध्यमांसाठी त्यात दुरुस्ती करणारे विधेयक २०१२ साली संसदेत मांडले गेले. ते कायदा होऊ शकले नाही. चित्रपटातील गाण्याला प्रमाणपत्र लागते. थेट मोबाइलवर येणाऱ्या गाण्याला तसले प्रमाणपत्र लागत नाही. कायद्यात ही पोकळी आहे हे खरे. पण ती भरली की प्रश्न सुटेल असे मानण्याचे कारण नाही. अश्लीलतेची व्याख्या करावयास बसलेला अधिकारी प्रथम शाहिराला पकडील, मग एखाद्या कवयित्रीला, आणि ज्याच्यासाठी कायदा केला तो वकिलासह बाहेर उभा राहील. आजवरचा अनुभव तरी असाच आहे.

दुर्गोत्सवाच्या दिवसांत यवतमाळला शेजारच्या जिल्ह्यांतून, तेलंगणातूनही लोक येतात. आरास पाहण्यासारखी असते, याविषयी दुमत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत मात्र देवीपुढे कोणती गाणी वाजतात हे आपण सारे जाणतो. त्यावर विनोद करून आपण घरी येतो. गेल्या वर्षी मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी वेचणीला निघालेल्या एका बाईने प्रस्तुत लेखकाला जे सांगितले ते विनोदाने घालविण्यासारखे नव्हते. "देवीच्या मांगं चालाले आमाले जागाच नाई राह्यली सर," ती म्हणाली. "पोट्टे गान्यावर असे अंगावर येते, का पोरीले घेऊन आमी अर्ध्या रस्त्यातूनच परत आलो." कापूस किलोच्या भावाने वेचणाऱ्या या बाईने मंडळाला वर्गणी दिली होती. ज्या कर्ण्यांनी तिला रस्त्यावरून हाकलले, त्यांचे भाडे तिच्या वर्गणीतूनही गेले होते.

याच यवतमाळात २०१९ च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्यामुळे त्या संमेलनाला गालबोट लागले. पण त्यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. उद्घाटनाला शेतकरी आत्महत्येत पती गमावलेल्या वैशाली येडे उभ्या राहिल्या. अंगणवाडीत काम करणारी, कळंब तालुक्यातील ही स्त्री हजारो लोकांसमोर आपले म्हणणे बोलली, आणि सभा स्तब्ध होऊन ऐकत राहिली. त्यांना रंगमंच नवखा नव्हता. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तेरवं' या नाटकात त्या काम करीत. शेतकऱ्यांच्या विधवांनीच ते नाटक उभे केले होते. आपल्या जिल्ह्यातील बाई रंगमंचावर उभी राहिली, तिच्याकडे सर्वांनी पाहिले, आणि तरी कोणी तिच्यावर नोट उधळली नाही. ती सुंदर दिसते की नाही याची चर्चाही झाली नाही, कारण लोक ती काय म्हणते ते ऐकत होते. याचा अर्थ सर्व स्त्रियांनी रंगमंचावर दुःखच सांगावे, असा कोणी काढू नये. हसावे, नाचावे, शृंगारही करावा. फक्त त्या बोलण्याचा कर्ता बदलला पाहिजे.

हे घडविण्यास मोठ्या चळवळीची वाट पाहण्याचे कारण नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहानंतरचा कर्णा बंद करण्यास कोणत्याही सांस्कृतिक धोरणाची आवश्यकता नाही. वर्गणी देणाऱ्याने पावती घेताना मिरवणुकीत काय वाजणार हे विचारावे. शिक्षक, कारकून मंडळी हे विचारू लागली तर मंडळांना उत्तर द्यावे लागेल, कारण मंडळे वर्गणीवर चालतात. गावच्या जत्रेत कार्यक्रम ठेवावयाचा असेल तर नाचणाऱ्या स्त्रियांशी लेखी करार व्हावा: मजुरी किती, वेळ किती, कपडे बदलण्यास बंद खोली आहे की नाही, परतीचे वाहन कोणाचे. काही बिघडले तर गुन्हा प्रथम आयोजकावर आणि खर्च उचलणाऱ्यावर दाखल व्हावा. ज्या दिवशी फलकावरच्या पुढाऱ्याला पोलीस ठाण्यात यावे लागेल, त्या दिवशी 'हंगाम्या'चा भाव बराच उतरलेला दिसेल.

आमच्या स्नेहसंमेलनाचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. समितीने यादी मुलींच्या हाती दिली आणि निर्णय त्यांच्यावर सोपविला. देशभक्तीवाले सहकारी नाराज झाले. वयवाले सहकारी हसले. मुली दोन दिवस बसल्या. त्यांनी काही गाणी काढली, काही ठेवली. ठेवलेल्यांत दोन अशी होती की जी प्रस्तुत लेखकाने खात्रीने काढली असती. कारण विचारले तेव्हा एकीने सांगितले, "सर, ह्यात ती बाई मजेत आहे. आम्हाला कळते ते." प्रस्तुत लेखकाला ते कळले नव्हते, यादी तशीच मान्य झाली. राळेगावकडच्या विद्यार्थिनीने भुलाबाईची गाणी बसविली. ती म्हणावयास तिने आपल्या आजीला गावाहून आणले होते, आणि आजीने ऐन वेळी ध्वनिक्षेपक हातात घेऊन ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ घेतला. मागच्या रांगेतील मुलांनी आधी शिट्ट्या वाजविल्या. म्हातारीने गाणे थांबवून त्यांच्याकडे पाहिले, त्यांच्या आयांची नावे विचारली, आणि पुन्हा गाऊ लागली.

बस स्थानकावरचा प्रकार थांबलेला नाही. त्याविषयी मुलींनी सहीनिशी दिलेला अर्ज संबंधितांकडे गेला आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.